शिशाची स्पेस

"आधी टोक बघा, मॅडम." कुठलीही ओळ समोर आली की आजोबा असं म्हणत आणि अंगठ्याचं नख ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे सरकवत आणत. अक्षरं त्यानंतर वाचायची.

उल्हासनगरात कॅम्प चारला, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या माळ्यावर मी वेबसाइट बनवायला शिकवते. खाली मशिनी धडधडतात, वर मी ओरडते. विशीतल्या पोरापोरींच्या त्या बॅचमध्ये सत्तरीचे आजोबा पहिल्या बाकावर. अंबरनाथच्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. छापखाना बंद पडला. "मग आता इथं कशाला?" मी विचारलं, तर म्हणाले, "अक्षरं आमच्याकडून निघून गेली कुठं, ते बघायला आलोय."

कीबोर्डवर त्यांचं एकच बोट चालायचं. माऊस अडला की त्याला "अहो, चला ना" म्हणायचे. पण मी हजेरी उघडली की समोरच्या बाजूने, वही उलटी दिसत असताना, नावं धडाधड वाचून दाखवत. शब्द उलटा करायचा कोड पोरं लिहीत होती तोवर यांनी फळ्यावरची अख्खी ओळ शेवटच्या अक्षरापासून म्हणून टाकली. "खिळ्यावर अक्षर उलटंच असतंय. त्यात काय एवढं?" मी मात्र तोंडात बोट घालून बघत राहिले. तुम्हीही राहिला असतात.

प्रणाली चिखलोलीची. तिने एक पान बनवलं होतं: आपल्या भागाचं नाव टाकायचं, पाणी किती वाजता येणार ते कळतं. ते पान दाखवायला तिला तीन वाजता कॅम्प पाचमधल्या एका ऑफिसात बोलावलं होतं. ही नोकरी हुकली तर घरचे तिचा क्लास बंद करणार होते. दोन वाजता ती रडवेली होऊन आली.

"मॅडम, काल मस्त चालत होतं! सकाळी नवीन यादी टाकली आणि आता काहीपण टाका, 'सापडलं नाही' येतंय."

मी कोड तीनदा वाचला. कोड बरोबर. यादीतली नावं बरोबर. तिने 'चिखलोली' टाकलं, पान म्हणालं, सापडलं नाही. अडीच वाजले.

"यादीतल्या नावाच्या शेवटी क्लिक कर गं," मागून आजोबा म्हणाले. तिने केलं. त्यांचं नख स्क्रीनवर टेकलं. "ही लुकलुकणारी उभी रेघ अक्षराला चिकटून नाय. मध्ये स्पेस पडलीय."

प्रत्येक नावामागे एकेक रिकामी जागा चिकटून आली होती. आपल्याला न दिसणारी, पण मशीनच्या लेखी अक्षरच. टोकांच्या अशा जागा छाटणारं 'ट्रिम' मी गेल्याच आठवड्यात शिकवलं होतं, याची मला लाज वाटली. प्रणालीने तो एक शब्द घातला, पुन्हा 'चिखलोली' टाकलं, आणि पाण्याची वेळ आली. ती आजोबांच्या पाया पडून धावत जिना उतरली. नोकरी तिला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला दिसलं कसं?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिशाचा एक चपटा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर कुठलंच अक्षर नव्हतं.

"ही स्पेस. दोन शब्दांच्या मध्ये अशी उभी करायची. छापल्यावर लोकांना काय दिसत नाय, पण मी चाळीस वर्षं बोटांनी उचललीय. राहू द्या तुमच्याकडं."

मला त्या क्षणी वाटलं, शिकवत होते ते आजोबा, मी नुसती फी घेत होते.

गणपतीनंतर ते आले नाहीत. फोन त्यांच्या सुनेने उचलला. झोपेतच गेले, म्हणाली.

आता नव्या बॅचला स्पेस शिकवताना मी फळ्याकडे वळतच नाही. तो तुकडा पहिल्या बाकावर देते आणि म्हणते, वजन बघा, पुढे द्या. मुलं हसतात, उलटासुलटा करून अक्षर शोधतात, मग शेजारच्याच्या हातावर ठेवतात. वीस हातांतून फिरून तो माझ्याकडे परत येतो, तेव्हा कोमट असतो.