नाकाने कांदे सोलणारा

कोकुई सहा वर्षांनी माहेरी आली ती भर दुपारी. डोक्यावर पत्र्याची पेटी, आणि उजवा हात अंगापासून लांब धरलेला. अंगणात पेटी उतरवून तिने आधी तो हात धुतला. मग वाळूने घासला, परत धुतला. आई पाणी ओतत राहिली.

नवरा सेवोर्नू खालच्या वाडीतला. ढोल वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि खोट काढण्यातही नव्हता. मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा, अक्प्ले, पुढ्यात आला की तो आधी बोटाने दाबून बघायचा. बोट जास्त रुतलं तर तो गोळा कोंबड्यांना, कमी रुतलं तरी कोंबड्यांनाच. भेंडीच्या कालवणाची तार पळीपासून वाडग्यापर्यंत तुटता कामा नये. माशाचा काटा सापडला की तो वाडग्याच्या कडेला मांडून हाक मारायचा, "ये, बघून जा." तिच्या केसांना धुराचा वास येतो म्हणून तोंड फिरवून झोपायचा. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या केसांना आणखी कसला वास येणार?

शेवटच्या दिवशी त्याने घास चावला, थांबला, तिचा हात ओढला आणि तळव्यावर थुंकला. "मला सांगायचा कंटाळा आला. आता तूच चाखून बघ."

तो कोमट, लिबलिबीत गोळा हातात घेऊन ती किती वेळ उभी होती, तिलाच कळलं नाही. हे तिने फक्त आईला सांगितलं, तेही चेहरा भिंतीकडे करून.

पंधरा दिवसांनी वरच्या आणि खालच्या वाडीत मासळीच्या एका जाळ्यावरून भांडण पेटलं आणि हालो ठरली. एका शनिवारी एका वाडीने ढोल लावून समोरच्यांची अब्रू गाण्यात काढायची, पुढच्या शनिवारी दुसरीने. वरच्या वाडीची गाणी करायचा कोकुईचा बाप, डुन्यो. त्याने लेकीला समोर बसवलं.

"सेवोर्नूवर करतोय. कसा आहे तो, एका शब्दात सांग."

"किरकिऱ्या."

"छ्या! किरकिरतं ते लहान पोर. लोकांना कीव येईल."

"चोखंदळ."

"अगं, ती स्तुती झाली. उद्या तो मिरवेल."

"मग खुसपट काढणारा म्हणा. नाक मुरडणारा म्हणा."

"मुरडण्यात काय जोर आहे? शब्द ढोलावर आपटला पाहिजे."

"खडूस. तिरसट. कुजकट."

"तिरसट मीही आहे," डुन्यो म्हणाला. "दुसरा दे."

एवढ्यात आईने जेवण आणून ठेवलं. डुन्योने बोटाची मागची बाजू वाडग्याला लावली आणि न बघताच तो सरकवला. "निवलंय." आई वाडगा घेऊन गेली, तापवून आली. "आता भेंडी करपली. ने." आईने परत उचलला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. हा चेहरा कोकुईने लहानपणापासून रोज पाहिला होता आणि सेवोर्नूच्या घरी स्वतः सहा वर्षं लावून बसली होती.

"बाबा, तुम्ही सगळे नुसते नाकाने कांदे सोलता!" ती ओरडली.

डुन्योने मांडीवर थाप मारली. "सापडलं! नाकाने कांदे सोलतो! वा, पोरी!" 'तुम्ही सगळे' त्याच्या कानात शिरलंच नव्हतं.

खाजण आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर या दोन्ही वाड्या, आणि घरोघरी छोट्या लाल कांद्याचे वाफे. कांदे सोलून बायकांची बोटं जांभळी व्हायची. शनिवारी दुपारी गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला माणसं वाळूत लोळली. समोरच्या बाजूचे म्हातारेसुद्धा तोंडावर हात धरून हसत होते. सेवोर्नू खालच्या वाडीच्या ढोलांमागे बसला होता, त्याची मान खाली गेली होती. कोकुईही हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसली.

मग तिसरं कडवं आलं. त्यात तळहात होता. त्यावर थुंकलेला घास होता, आणि तो हातात घेऊन उभी राहिलेली डुन्योची लेक होती.

लोक त्यालाही हसले. तितकंच हसले. शेजारची बाई वाकून तिच्या हाताकडे बघायला लागली, जणू तो घास अजून तिथेच असेल. कोकुईने मूठ आवळली आणि उठून घरी आली.

"आई, तू सांगितलंस त्यांना?"

"तीन दिवस मागे लागला होता गं. गाणं अडलंय म्हणाला."

डुन्यो संध्याकाळी आला तो फुलून. "ऐकलंस ना? तिसऱ्या कडव्याला तर कहर झाला!"

"ते तुम्हाला दिलं नव्हतं मी."

"गाण्याला लागत होतं ते." तो पायरीवर बसला. "शेवट मात्र जरा फिका पडला. आणखी काही करायचा का तो? आठवून बघ."

कोकुईने बापाकडे पाहिलं. सेवोर्नूची तिला शिसारी यायची, पण त्याने जे केलं ते चार भिंतींच्या आत केलं होतं.

"बाबा, तो एकदा थुंकला. तुम्ही वाडीभर थुंकायला लावलंत."

डुन्यो पुटपुटला, "वाडीभर... हे बरं आहे." आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॉरीने कोकुई केटाला, बाजारात सुकट विकणाऱ्या मावशीकडे गेली. पुढच्या शनिवारी खालच्या वाडीने उत्तर दिलं. त्यात ती घाणेरडी होती, आळशी होती, तिच्या अंगाला सडक्या मासळीचा वास होता. तिथून आलेली एक बाई बाजारात तिला ते म्हणून दाखवायला लागली, तेव्हा कोकुईने तिच्यासमोर सुकटीची टोपली ठेवली. "घ्यायची असेल तर घे, नाहीतर सावली सोड."

मावशीच्या शेजारी बसून तीही सुकट विकायची. गिऱ्हाइकं मासळी चिवडायची, हुंगायची, नाकं मुरडायची. तिला त्याचं काही वाटत नसे. घरी कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं नव्हतं.

कांदा काढून झाल्यावर एका सकाळी आई आली. काखेत गाठोडं.

"बाबा?" कोकुईने विचारलं.

"नवं गाणं चाललंय. कालपासून एका शब्दावर अडलाय." आई टोपलीशेजारी टेकली. "जेवण झाकून ठेवून आले. तापवायचं तर तापवेल."

कोकुईने तिला बसायला चटईचा अर्धा भाग मोकळा करून दिला.