उकंडरावांचा वजीफा

उकंडराव कळमनुरीच्या तहसील कचेरीत चपराशी होते. नोकरी संपली त्या दिवशी पेशकारसाहेबांनी त्यांना समोर बसवून वजीफा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आयुष्यभर चाकरी केलेल्या माणसाला निजाम सरकार म्हातारपणी दरमहा जे देतं तो वजीफा. जगाल तोवर मिळणार. वर्षातून एकदा कचेरीत येऊन तोंड दाखवायचं, जिवंत असल्याचा अंगठा उठवायचा. दुखलं-खुपलं तर सरकारी दवाखाना आहेच.

उकंडरावांनी एकच विचारलं, "अन् माझ्या मागं घरवालीला?"

पेशकारसाहेबांनी मान हलवली. "तुमी गेलात की वजीफा बी गेला."

घरी येऊन त्यांनी हे मंजुळाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. मंजुळाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग तुमाला जपावं लागंल."

आणि त्यांनी जपलं. आधी तंबाखू सुटली. थंडीत नवऱ्याच्या कानाला फडकं बांधल्याशिवाय त्या त्यांना ओट्यावर बसू देत नसत. जरा खोकला आला की सरकारी दवाखान्यात नेत, कधीपासून काय होतंय ते डॉक्टरला स्वतःच सांगत आणि कडू औषध घशाखाली उतरेपर्यंत समोर उभ्या राहत. घरातलं दूध उकंडरावांना, ताक स्वतःला. कधी मंजुळाबाईंचंच पोट दुखायचं, तेव्हा उकंडराव म्हणायचे, "तू बी दाखव की डाक्टरला."

"मला काहून? माझ्यावर कुठं वजीफा हाय?"

असं करत सत्तेचाळीस साल उलटलं. रजाकारांची धास्ती वाढली. उन्हाळ्यात आळीतली घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. मंजुळाबाईंचा भाऊ सोनाजी पुसदकडच्या एका खेड्यात होता, पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात. तो गाडी घेऊन आला. उकंडराव निघायला तयार नव्हते. तोंड दाखवायची वेळ जवळ आली होती. न दाखवलं तर कचेरीत नाव कटणार.

"जिवंत राहाल तर दाखवाल ना," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

पावसाळ्यात त्या खेड्यात पटकी आली. मोंगलाईतून, निजामाच्या मुलखातून आलेली माणसं गोठ्यांत, देवळांत दाटीवाटीनं राहत होती. मंजुळाबाईंना पहाटे जुलाब सुरू झाले. सोनाजीनं गाडी जुंपली, पण चिखलात चाकं रुतत होती. पुसदच्या दवाखान्यापुढं माणसांची रांग झाडाखालपर्यंत आली होती. उकंडराव कंपाउंडरजवळ गेले. "मी वजीफेवाला हाय. सरकारी माणूस."

कंपाउंडरनं त्यांच्याकडं पाहिलं. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "बाबा, ते सरकार वेगळं. पण इथं औषध सगळ्यांलेच देतो. बाईले आणा."

ते गाडीकडं परत गेले. सोनाजी बैलांच्या तोंडापाशी खाली बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. मंजुळाबाईंचा हात गाडीच्या दांडीवरून बाहेर आला होता. उकंडरावांनी तो उचलून आत ठेवला आणि लुगडं नीट केलं. रडू येईल म्हणून ते थांबले. आलं नाही.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर उकंडराव कळमनुरीला परतले. घराचं दार कुणीतरी नेलं होतं. त्यांनी चौकटीला गोणपाट लावलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले.

कारकून नवा होता. त्यानं शोधून सांगितलं, की तोंड दाखवलं नाही म्हणून नाव कटलं आहे. हयात असल्याची साक्ष लागेल.

"मी उभा हाय की."

"तुम्ही तेच, हे कुणीतरी सांगायला पाहिजे."

बाहेर भावसिंग भेटला, त्यांच्याबरोबरचा जुना चपराशी. तो लगेच आत आला. "व्हय साहेब, हे उकंडरावच. जिते हायेत." कारकुनानं अंगठा घेतला. वजीफा पुन्हा सुरू होईल, म्हणाला, नव्या सरकारनं जुन्यांचा बंद केलेला नाही. मग शाईची डबी मिटताना म्हणाला, "तब्येत जपा बाबा. तुमच्या मागं बाईला काही मिळत नाही."

उकंडराव म्हणाले, "बराबर हाय."

मंजुळाबाई गेल्याचं भावसिंगला ठाऊक होतं. दोघं कचेरीच्या पायऱ्या उतरले. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात गाड्या, गुरं, माणसं. भावसिंगनं त्यांना घरी जेवायला नेलं. त्याच्या बायकोनं वाटीभर दूध पुढं ठेवलं. उकंडराव ते प्याले. कुणी वाढलं की खायचं, कुणी उठा म्हटलं की उठायचं, असं त्यांचं चाललं होतं.

थंडीत त्यांना खोकला झाला. भावसिंगच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं छातीला नळी लावून विचारलं, "कधीपासून तकलीफ आहे?"

उकंडरावांना सांगता येईना. ते भावसिंगकडं पाहू लागले.