टाक्याचं पाणी

मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढतो. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन डोंगर चढायचो. पाटणच्या वर असाच एक पडका गड सापडला. नाव आता मी कुणाला सांगत नाही, पण सांगायचं राहिलंय तरी कोण?

गडावर खडकात खोदलेलं जुनं टाकं होतं, मे महिन्यातही काठोकाठ भरलेलं. शेजारच्या झापात एक धनगर जोडपं राहायचं. दोघं तेच पाणी प्यायची, शेळ्यांना तेच पाजायची. म्हातारीनं मला आल्याबरोबर ताक दिलं. फोटो काढू का विचारलं तर म्हातारा हसला, "काढा की! दगडाचा फोटू कवा कोन काढतं व्हय?"

टाक्यात ढग उतरले होते. चौकटीत शेळ्या येत होत्या. मी म्हटलं, "मावशी, जरा बाजूला घ्या ना." तिनं शेळ्या हाकलल्या आणि स्वतःही बाजूला झाली.

तो फोटो मी गडाच्या नावासकट आणि वाटेसकट इंटरनेटवर टाकला. इतका पसरला, की अनोळखी माणसं फोन करायला लागली. फोटोत माणूस नव्हता, त्यामुळे तिथं कुणी राहत नाही असंच सगळ्यांना वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा टाक्याच्या काठावर सात तंबू होते. पोरं साबण लावून टाक्यात उड्या मारत होती. म्हातारी झापाच्या दारात बसली होती. "लय माणसं येत्यात आता," एवढंच म्हणाली. मी पोरांना ओरडलो. एकानं विचारलं, "तुमची जागा आहे का?"

इंटरनेटवरून फोटो काढून टाकला, पण तोवर तो शेकडो ठिकाणी गेला होता. तिथं जाऊ नका म्हणून लिहिलं, तर खाली प्रश्न आला, गाडी कुठपर्यंत जाते? पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही चार मित्रांनी दोन दिवस खपून टाकं उपसलं. पावसानं ते पुन्हा भरलं आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा नासलं.

त्याच वर्षी म्हाताऱ्याला कावीळ झाली. पाण्यामुळेच, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. तो गेला, आणि म्हातारीला लेकीनं जतकडे नेलं.

पत्ता शोधत मी तिथवर गेलो. तिनं ओळखलं.

"माझ्यामुळं झालं, मावशी."

"तुज्यामुळं कसं लेकरा? तू एकलाच आलतास." मग म्हणाली, "पर त्यास्नी वाट कुनी दावली?"

 

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. चार दिवसांनी आला होता. बाया धावल्या. म्हातारी कळशी घेऊन उठली, मीही दुसरी उचलली. रांगेत आम्ही दोघं तासभर उभे होतो. आमचा नंबर यायच्या आत टँकर रिकामा झाला.