तांबटाचे कान

घरोघरी स्टीलची भांडी आली, तशी नाशिकच्या तांबट आळीतली माणसं एकेक करून सातपूरच्या कारखान्यांत लागली. १९७८ साली मुरलीधरलाही बोलावणं आलं. फक्त डॉक्टरची तपासणी उरली होती. वीस वर्षं तांब्याचे हंडे ठोकून त्याचे कान गेले होते. आळीतल्या बहुतेकांसारखा तोही ओठ पाहून बोलणं ओळखे.

"डॉक्टरच्या तोंडाकडंच बघा," बायकोनं बजावलं.

"तुझ्या तोंडाकडं बघूनच संसार चाललाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नाव, गाव विचारलं. त्यानं चटकन सांगितलं. मग ते त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मुरलीधर अंदाजानं म्हणाला, "होय साहेब."

डॉक्टर पुढे आले. "अहो, मी अजून काही विचारलंच नाही."

हे मात्र त्याला नीट कळलं.