एकवीस पाकळ्यांचं माप

त्या वेळी नाशिकला थंडी मुक्कामाला यायची. आता येते ती चहापुरती. स्वेटर कपाटातून काढून झटकेपर्यंत तिची निघायची वेळ झालेली असते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट सांगतोय. मखमलाबाद रस्त्यावरचा दूधवाला दूध मापानं घालत नसे, सुरीनं कापून देत असे. शपथेवर सांगतो. सुरीबद्दल फार तर थोडं इकडंतिकडं असेल, थंडीबद्दल नाही.

त्या थंडीतून माझे मामा रोज पहाटे फटफटीवरून फुलं घेऊन बाजारात जायचे. मखमलाबादला त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं थोडा गुलाब. मागे दोन्ही बाजूंना फुलांची गाठोडी, पुढे मामा, आणि सगळ्यांच्या पुढे मामांचा खोकला. गोदाकाठच्या फुलबाजारात त्यांची बसायची जागा होती, दोन फरशांची. ती कुठल्या कागदावर नव्हती. रोज येऊन बसणं हाच तिचा सातबारा. पंधरा दिवस कुणी दिसलं नाही की सोळाव्या दिवशी तिथं दुसऱ्याचं गोणपाट अंथरलेलं असायचं आणि त्यावर कुणी भांडतही नसे.

एका हिवाळ्यात मामांच्या छातीनं कफ धरला. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा धरला, तो होळीपर्यंत सुटला नाही. आधीच हडकुळा माणूस, त्या दोन वर्षांत असा वाळला की सदरा खुंटीवर आहे की अंगावर, ते जवळ गेल्याशिवाय कळेना. पंचवटीतल्या डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "येत्या थंडीत पहाटेचा वारा या छातीला लागला तर पुढचं औषध माझ्याकडे नाही. गाडी बंद करा, नाहीतर वारा बंद करा."

मामांना मुलगा नाही, दोन्ही मुली सासरी, मामीला फटफटी येत नाही. गाडी बंद म्हणजे जागा गेली. आणि मामांना त्या दोन फरशांवरून उठवणं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावण्यासारखं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते एवढंच म्हणाले, "भाच्या, गाडी काय बंद व्हायची नाय. तू वारा बंद कर."

मला हे सांगण्याचं कारण होतं. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासनीस होतो. दोन भागांमध्ये केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी फट राहिली तरी भाग परत पाठवायचा, हे माझं काम. आणि मला नाद होता चामड्याच्या जॅकेटांचा. कारखान्यात बुटांकडे बघून माणूस ओळखणारे होते, मी जॅकेटाच्या मुंढ्याकडे बघून ओळखायचो. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात तो घेर. तो बगलेत वर, घट्ट असला तर हात पुढे केल्यावर नुसती बाही पुढे जाते. तो खाली, ऐसपैस असला तर सगळं जॅकेट वर चढतं, कंबर उघडी पडते आणि वारा पाहुण्यासारखा आत येऊन बसतो. हे मी लोकांना लग्नातसुद्धा समजावून सांगत असे. लोक जेवणाच्या पंगतीकडे लवकर सरकायचे.

मामांची अडचण मुंढ्याच्याही पलीकडची होती. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. त्यामुळे कुठलाही तयार कपडा घातला की कॉलर डावीकडे आ वासायची. स्वेटर घातले तर वारा विणीतून जायचा. दोन घातले तर दोन्हींतून. तेव्हा चामडंच हवं, आणि तेही अंगाला चिकटून बसणारं.

मी आमच्या कारखान्याच्या शिस्तीनं परीक्षा ठरवली. झेंडूच्या एकवीस पाकळ्या मोजून कॉलरमधून आत टाकायच्या. मग चेन वर. मळ्यापासून बाजारापर्यंत फटफटी. बाजारात पोचल्यावर चेन उघडून पाकळ्या मोजायच्या. जेवढ्या उडाल्या तेवढा वारा आत आला.

पहिलं जॅकेट माझंच होतं, दिल्लीहून मागवलेलं. दुकानदारानं सांगितलं होतं की असला माल फक्त परदेशी जातो. बाजारात पोचून चेन उघडली तर आत एकही पाकळी नाही. उलट एक पिंपळाचं पान निघालं, जे आम्ही टाकलंच नव्हतं.

"हे जॅकेट हाय का जाळं?" मामांनी विचारलं.

दुसरं आणलं ते कारखान्यातल्या एका दोस्ताचं. रशियातून आलेले एक साहेब परत जाताना त्याला देऊन गेले होते. आतून मेंढीची लोकर, बाहेरून चामडं असं जाड की त्यावर कोयत्याला धार लावावी. ते खुंटीला लावलं तेव्हा खुंटी भिंतीसकट वाकली. मामांना ते मी आणि मामीनं मिळून चढवलं. पाकळ्या? एकवीसच्या एकवीस! पण मामांचा हात कोपरात वाकेना. गाडीवर दोन्ही हात पुढे करून ते असे बसले की देवळापुढचा नंदी बरा, तो निदान मान तरी वळवेल असं वाटतं. क्लच दाबता न आल्यामुळे फटफटी पहिल्या गिअरमध्येच बाजारापर्यंत गेली, आणि थांबवता न आल्यामुळे बाजाराला तीन फेऱ्या मारून पेट्रोल संपल्यावर थांबली. लोकांना वाटलं मामांनी काही नवस बोललाय.

तिसरं जॅकेट मात्र राजेशाही. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागाईतदार युरोपात द्राक्षं पाठवायचे. तिकडे गेले असताना इटलीचं एक जॅकेट घेऊन आले. दुकानातल्या बाईंनी "तुम्हाला शोभतंय" असं म्हटलं, आणि यांना भाषा कळत नसताना ते पटलं. ओझं साठ किलो द्राक्षांचं आणि टोपली चाळीसची, अशातली गत. त्यांना चेन कधी लागलीच नाही. म्हणून त्यांनी ते मला सहज दिलं, वर म्हणाले, "कुणाच्या तरी अंगावर बंद झालेलं बघू द्या राव."

काय जॅकेट होतं! हात लावला तर लोण्यात बोटं बुडाल्यासारखी वाटायची. पाठ एकाच कातड्याची, जोड नाही. एका इंचात टाके मोजले तर माझी मोजणी चुकेपर्यंत एकसारखे. मुंढा असा वर की मामांनी हात आकाशाकडे केले तरी कंबर जागची हलली नाही. मामी ओट्यावरून बघत होती. "आत्ता ह्यांचं लगीन लागलं तर मी करीन," म्हणाली.

बाजारात पोचल्यावर चेन उघडली. पाकळ्या अकरा. दहा उडाल्या होत्या, आणि सगळ्या डाव्या बाजूनं, जिथं कॉलर आ वासून होती.

 मामांनी त्या अकरा पाकळ्या वेचून फुलांच्या ढिगावर टाकल्या आणि खोकले. दिवाळी तोंडावर आली होती. थंडीला तीन आठवडे उरले होते.

मुंबईत एक म्हातारे कारागीर आहेत, मोठमोठ्या लोकांची जॅकेटं मापानं शिवतात, असं मी ऐकून होतो. तिन्ही जॅकेटं एका गोणीत भरली, मामांना एस.टी.त बसवलं आणि गेलो. एका अरुंद जिन्यावरून चढून त्यांची खोली. भिंतीला कातडी टांगलेली आणि वास असा की नुसत्या वासानंच ऊब यावी.

त्यांनी आधी मामांकडे बघितलंच नाही. गोणीतली जॅकेटं उलटी करून आतली शिवण बघितली. रशियाच्या जॅकेटाला म्हणाले, "हे जॅकेट नाही, घर आहे. याला खिडकी पाहिजे." इटलीच्या जॅकेटावर त्यांचा हात बराच वेळ फिरला. "याचं चामडं अव्वल. हात त्याहून अव्वल. पण हे उभ्या माणसासाठी केलंय. आणि दोन्ही बाजूंनी सारख्या माणसासाठी. असा माणूस मी अजून बघितला नाही."  दिल्लीचं जॅकेट त्यांनी फक्त एका वर्तमानपत्रानं झाकलं.

मग मामांना म्हणाले, "बसा. गाडीवर बसता तसे."

खुर्ची उलटी ठेवली, मामा तिच्यावर घोड्यासारखे बसले, खुर्चीच्या पाठीच्या दोन कोपऱ्यांना हँडल समजून धरलं. कारागिरांनी डाव्या खांद्यावर अंगठा दाबला. "कावड वाहिलीत?"

मामा चमकले. "बारा वर्षांचा व्हतो तवापासून. रोपांना पाणी घालायला. तुम्हाला कसं कळलं?"

"खांदा सांगतोय. तुम्ही नुसते होय म्हणा."

त्यांनी वहीत दोन रकाने पाडले, डावा आणि उजवा, आणि दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची घ्यावीत तशी मापं घेतली. मी मोजत होतो, एका बाजूला तेवीस. शेवटी मला राहवलं नाही. "छाती जरा ढिली ठेवा, आत स्वेटर येईल."

"तुम्ही काय करता?"

"विमानं तपासतो."

"मग विमानात स्वेटरला जागा ठेवता का?"

 किंमत इथं लिहीत नाही, कारण हे मामी वाचणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात जॅकेट आलं. टेबलावर पसरलं तर वाकडं. डावी बाजू खाली, कॉलर तिरकी, जणू कुणी घाईत शिवलंय. मामांनी ते घातलं, आणि तिथल्या तिथं ते सरळ झालं. म्हणजे दोघंही सरळ झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे परीक्षा. मी मागच्या गाठोड्यांमध्ये दाटीवाटीनं बसून बाजारात गेलो. मामांनी चेन उघडली. एकवीस पाकळ्या, आणि त्या उबेनं सुकायला लागल्या होत्या.

इतक्यात आवाज आला, "देवाची फुलं घेऊन येतोस आन् अंगावर चामडं?"

ही थोरली मावशी, नात्यातली नव्हे, सगळ्या बाजाराची. मामांच्या शेजारच्या फरशीवर तिचं गजऱ्यांचं दुकान. बाजारातल्या बाकीच्या सहाही बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. बाजाराचं गिऱ्हाईक म्हणजे देवळांचे पुजारी, घरोघरच्या पूजा. तिनं नाक मुरडलं असतं तर मामांना वारा लागला नसता, पण जागा मात्र गेली असती. मला घाम फुटला, त्या थंडीत.

मामा फरशीवर शांतपणे गोणपाट अंथरत म्हणाले, "मावशे, काल देवळात भजन झालं. तू पुढं बसून डोलत व्हतीस. मृदंगाला काय पैठणी लावली व्हती का?"

 कोपऱ्यातून एक बाई हसली, मग दुसरी. मावशीनं तोंडाला पदर लावला. "लय शहाणा झालायस मेल्या," म्हणाली, आणि गजरा ओवायला लागली.

चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी पारा इतका उतरला की गोदावरीचं पाणी वाहायचं सोडून एकमेकांना बिलगून बसलं होतं. मावशीची बोटं सुईवर चालेनात. ती म्हणाली, "आण रे इकडं तुझं ते मृदंग."

तेव्हापासून रिवाज पडला. मामा यायचे, जॅकेट उतरवून मावशीला द्यायचे आणि चहावाल्याच्या शेगडीजवळ घोंगडी घेऊन बसायचे. मावशीची बोटं मोकळी झाली की जॅकेट पुढच्या बाईकडे जायचं, मग तिच्या पुढच्या. ऊन पायरीवर येईपर्यंत त्या एका माणसाच्या मापाच्या जॅकेटात सात बायका बसून उठायच्या. त्यांतली एक अशी भरदार की चेन लावताना दोघी ओढायच्या आणि तिसरी "श्वास घे, श्वास सोडू नको" म्हणून ओरडायची. मी लांबून बघायचो आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा. तेवीस मापं! पण मामांना बोलून काय उपयोग? एकदा भाचीच्या लग्नासाठी मामा चांगले वीस दिवस गावाला गेले, तर त्या दोन फरशांवर मावशी आळीपाळीनं एकेका बाईला बसवत राहिली. आले तेव्हा जागा झाडून ठेवलेली.

तीन हिवाळे गेले. गुलाबाच्या काट्यांनी बाहीचं अस्तर फाटलं म्हणून आम्ही पुन्हा तो जिना चढलो.

कारागिरांनी जॅकेट उलटं केलं. वास घेतला. कपाळाला आठी पडली. "शेवंती. मोगरा. मिश्री." मग मुंढ्यात हात घातला. "किती माणसं घालतात हे?"

मी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

"मी एका माणसाला शिवलं होतं!" म्हातारे खरोखर चिडले होते. "छातीचा घेर दीड इंच सैल झालाय. आता यात वारा शिरणारच. बसा तसे, पुन्हा आवळून देतो."

मामा खुर्चीवर बसले. कारागिरांनी जुनी वही काढली, डावा-उजवा रकाना काढला आणि छातीला टेप लावली. बघितलं. टेप सोडून पुन्हा लावली. मग जॅकेटाला लावली. मग माझ्याकडे बघितलं, जणू विमानवाल्यानं काहीतरी गडबड केलीय.

छाती दीड इंच वाढली होती. मी रोज बघत असल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. तीन थंड्या खोकल्याशिवाय गेल्या होत्या. जेवण अंगी लागलं होतं, गालफडं वर आली होती. मी आठवून पाहिलं, डॉक्टरांची पायरी आम्ही शेवटची कधी चढलो ते सांगता येईना.

"शेठ," मामा खुर्चीवरून म्हणाले, "आमच्यात कापडं वाढत्या अंगाचीच घेतात."

म्हाताऱ्यांनी कात्री खाली ठेवली. फक्त अस्तर शिवलं, तेही बसल्या बसल्या, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या एस.टी.त मामांना खिडकीची जागा मिळाली. खिडकीला काच नव्हती. कसाऱ्याचा घाट लागला आणि वारा असा आत घुसला की कंडक्टरची टोपी मागच्या बाकावर गेली. मी मफलर शोधत पिशवी उपसत होतो. शेजारी मामांनी चेन गळ्यापर्यंत ओढली, डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं आणि इगतपुरी येईपर्यंत घोरत होते.