उत्तरेचं दार नीट लागत नाही

ये गं, अशी माझ्याजवळ बस. बाळाला दे माझ्या मांडीवर. आता थोडं रागावणार आहे, ऐकून घे. काल तिळाचे लाडू द्यायला खाली तुझ्याकडे आले, तर खोलीत शेगडी, निखाऱ्यांवर ओवा-वेखंड, आणि खिडक्या सगळ्या गच्च बंद. का, तर थंडी पडलीय! मी आल्या आल्या खिडकी उघडली तेव्हा तुझ्या सासूबाईंचं तोंड वाकडं झालं. "काकूंना थंडी वाजत नाही वाटतं," म्हणाल्या. वाजते हो. पण बंद खोलीतल्या शेगडीची भीती त्याहून जास्त वाटते. का वाटते, ते सांगते.

माझी मुलगी अमेरिकेत असते, दक्षिणेकडच्या एका गावात. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच, घाम काढणारा. काम मात्र तिचं भलतंच. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर बर्फाचा थर असतो ना, त्याचे उपग्रहाने काढलेले फोटो बघायचे आणि बर्फ कुठे किती उरलाय ते मोजायचं. मी चिडवायचे तिला, "घरात बर्फाचा ट्रे कधी भरला नाहीस, आणि आता जगाचा बर्फ सांभाळतेस होय?"

एकदा ती सुट्टीवर आली तेव्हा आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं होतं. दार लागेचना, म्हणून मी प्लास्टिकचं स्टूल टेकवून ठेवायचे. समोर उभं राहिलं की पायावर गार झुळूक, आणि आत दूध नासलेलं. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "आई, उत्तरेकडे हेच चाललंय."

म्हणे बर्फ पांढरा, तो ऊन परतवून लावतो. बर्फ वितळला की खालचं काळं पाणी ऊन पिऊन टाकतं आणि तो मुलूख तापत जातो. हिवाळ्यात तिथली थंडी जोरदार वाऱ्यांच्या कड्यात कोंडलेली असते. ते कडं कधीकधी सैल पडतं, आणि थंडी खाली सांडते, जिथे कुणाच्या घरी धड स्वेटरही नसतो तिथे.

"म्हणजे आत नासतंय आणि बाहेर गारठतंय?"

"तसंच काहीसं. पण बर्फ कमी झाल्यामुळेच कडं सैल होतं का, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत हं."

"भांडा खुशाल. आधी हाटकेश नाक्यावरून फ्रिजवाला बोलाव आणि माझं रबर बदलून दे."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिला बाळ झालं. मला व्हिसाच मिळाला नाही, त्यामुळे बाळंतपण केलं ते फोनवरून. डिंकाचे लाडू फोनवरून, तेल-मालिश फोनवरून. शेक-शेगडीचं कौतुकही चालायचंच, तुझ्या वेळी असं करायचे नि तसं करायचे म्हणून तिला सांगायचे.

आणि मग ती थंडी सांडली, नेमकी तिच्या गावावर. रस्त्यांवर बर्फ, नळ गोठलेले आणि वीज गेलेली. त्यांच्या घरात शेगडीपासून हीटरपर्यंत सगळं विजेवर. इथे आपल्या पूनम सागर सोसायटीत सकाळ झाली होती, मी नुकती पूजा आटोपली होती, तेवढ्यात तिचा फोन आला. तिकडे रात्र पडत होती.

"आई, फ्रिजचं दार उघडलं बघ," ती हसायला गेली, पण दात वाजत होते. "दोन रात्री झोप नाही. बाळाचे हात गार पडलेत. ऐक, अंगणात कोळशावर मांस भाजायची जाळी आहे आमची. तीच आत घेतलीय, तुझ्या शेगडीसारखी. बेडरूमचं दार लावून, फटीत टॉवेल कोंबून..."

फोन कट.

माझ्या माहेरच्या चाळीतली शेगडी डोळ्यांसमोर आली. आई ती गॅलरीत पेटवायची, मग आत आणायची, आणि आमचं दार दिवसभर सताड उघडं. वर झरोका, खिडकीची एक काच तर कायमची गेलेली. आपली घरं सगळीकडून गळतात गं! तिच्या घराला दुहेरी काचा, फट म्हणून नाही. कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो. धूर दिसत नाही म्हणून माणूस फसतो, झोप येतेय असं वाटतं आणि झोपतो.

फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. जावयाचा बंद. मेसेज टाकला, "खिडकी उघड." एकच टिक. "शेगडी बाहेर काढ." एकच टिक. आयुष्यात त्या दुसऱ्या टिककडे मी एवढी डोळे लावून कधी बसले नव्हते.

मग समोरचं दार बडवलं. समोरच्या गुजराती बेन, त्यांच्या भावाचं तिच्याच गावात मोटेल आहे, तिचं घरही त्याला ठाऊक. त्यावरून मी त्यांना किती टोमणे मारलेत, तुमचं कोणी नाही असं एक तरी गाव ठेवलंय का म्हणून.

"अरे, शुं थयुं?"

माझ्या तोंडून तीन भाषांचा काला निघाला. "बेन, कोयला... कमरा बंद... छोटा बच्चा है..." त्यांना कळलं. कणकेच्या हातानेच त्यांनी भावाला स्पीकरवर फोन लावला. लागला! मोटेलच्या ऑफिसमधला जुना वायरचा फोन.

"मासी, गाडी तो नहीं निकलेगी," सगळं ऐकून तो म्हणाला. "काच जैसी सडक है."

"तो पैर नहीं हैं तेरे?" बेन कडाडल्या. "चल के जा! दरवाजा तोड देना, बाद में बनवा देंगे."

"जाता हूँ, जाता हूँ, चिल्ला मत."

मग आम्ही दोघी बसलो. बेननी चहा ठेवला, तो उतू गेला, कोणी उठलं नाही. खालून भाजीवाल्याची हाक येत होती. त्यांच्या गॅलरीत छान कोवळं ऊन होतं, आणि गच्चीवर कोणीतरी ओरडत होतं, "मस्त थंडी पडलीय ना!" मला त्या माणसाचा राग आला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

फोन वाजला तेव्हा बेननी माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

तोच होता, धापा टाकत. "मासी, दरवाजा दामाद ने खोला. मुश्किल से खोला. सब बाहर हैं. खिडकियाँ सब खोल दी हैं." मग माझ्या मुलीचा आवाज, जड, झोपेतला. "आई, डोकं फार दुखतंय. हे उलट्या करतायत." आणि मागे बाळ रडत होतं, अगदी घसा फोडून. ती त्याला गप्प करायला लागली.

"रडू दे त्याला," मी ओरडले. "अजिबात गप्प करू नकोस!"

बेनच्या भावाने त्यांना मोटेलवर नेलं, तिथे जनरेटर होता. डॉक्टरांनी तपासलं, तिघंही निभावले. वीज आल्यावर तिने माझे मेसेज एकदम वाचले आणि तिला रडू फुटलं. ती अजून तेच फोटो बघते. मी विचारते, "काय गं, दार लागतंय का?" ती म्हणते, "नाही आई, सैलच होत चाललंय." माझं रबर बदलून मिळालं. तिथलं कोण बदलणार, मला कळत नाही.

म्हणून काल तुझ्या घरात अशी घुसले. शेक दे बाळाला, नको कोण म्हणतंय? पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, आणि निखारे असताना डोळा लावायचा नाही. जमत नसेल तर उद्या ऊन आलं की बाळाला घेऊन वर ये, सासूबाईंनाही आण. माझ्या गॅलरीत ऊन असतं, त्याला मांडीवर घेऊन मीच तेल लावून देईन. ये हं नक्की, उद्याच ये.