आवतन बैलाले होतं

इंझोरीपासून त मानोऱ्यापर्यंत माह्याएवढा पक्का ख्रिस्ती मानूस दुसरा नव्हता. नव्हता म्हंजे, तेवढ्या टापूत ख्रिस्ती घरच आमचं एक होतं, आन त्या घरातई माही बायको मारथा माह्याहून पक्की होती. तरी गावात मोठ्यानं बोलाचं काम माह्याकडं होतं. मले लिवता-वाचता येत नाई. शाया पायली, पन ते बाहेरून, ढोरं चारता चारता.

आता खरं सांगू का, सनावारांनी मी थकलो होतो बाप्पा. नागपंचमी आली का कोनीतरी लाह्या घेऊन दारात उभं. घेतल्या त पादरीसाहेब रुसते, नाई घेतल्या त शेजारीन रुसते. गनपती आला का मोदक. दिवाई आली का अनारसे. सारं गाव गोडधोड खाऊन ढेकर देऊन राह्यलं, आन आमी घरात बसून इचार करून राह्यलो का हे खाल्लं त चालते का नाई! मी नाई म्हनाचो, आन मंग रातभर त्या अनारशाची याद कराचो. (गंमत पाहा, नाताळाले मारथा पायलीभर करंज्या कराची. त्या खातानी गावातल्या एकानंई थांबून इचार केला नाई. परात चाटूनपुसून वापस.)

पादरीसाहेब महिन्यातून एकडाव वाशीमवरून सायकलवर येत. स्वराज्य येऊन पाच-सा वर्सं झाली असतीन, पन आमच्याकडचा रस्ता काही स्वतंत्र झाला नव्हता. अर्ध्या रस्त्यात सायकलच त्यायच्या खांद्यावर राहे. त्या वर्सी पोयाच्या, म्हंजे बैलायच्या सनाच्या, आधी आले, घाम पुसला, आन म्हनाले, "दावीद, जनावरांवर माया करावी. पूजा मात्र एका देवाचीच करावी."

सीधी गोष्ट होती. मारथाले समजली. मले थोडी जास्तच समजली.

मी इचारलं, "साहेब, पोयाच्या दिवशी बैल जुपला त पाप लागते का?"

साहेबाच्या सायकलची साकई उतरली होती, तिकडं ध्यान. म्हनाले, "काम करण्यात पाप कसलं?"

झालं! त्याच संध्याकाई पारावर जाऊन मी सांगून टाकलं, "आयका रे! पोयाच्या दिवशी दाविद पऱ्हाटी डवरनार हाय, कपाशीतलं तन काढनार हाय!"

पारावरचे सारे हसले. पन बोलून बसलो त बसलो.

आता अडचन अशी का माह्याजवय बैल होता एक. दुसरा, पाखऱ्या, गावातल्या सखारामचा. आमची सावड होती, म्हंजे त्याचा एक, माहा एक, जोडी दोघाची. दोन दिवस त्याच्या वावरात, दोन दिवस माह्या. आयतवारी जोडी बंद, तो माहा नेम. तीन वर्सं असंच चालू होतं. सखाराम कमी बोलनारा. मी जास्त बोलनारा. म्हनून सावड टिकली.

माहा बैल मी केनवडच्या बजारातून आनला तवा त्याचं नाव राजा होतं. मी त्याचं शमशोन ठेवलं. पवित्र शास्त्रातला पयलवान! बैल शमशोन म्हनलं का कान हालवत नव्हता, राजा म्हनलं का धावत ये. मी त्याले दिवसभर शमशोन म्हनाचो आन पानी पाजतानी हयूच राजा म्हनाचो.

पोयाच्या आदल्या दिवशी दोन्ही बैल सखारामच्या गोठ्यात होते. त्याची माय, यसोदाकाकी, त्यायच्या खांद्याले हयद-लोनी चोयून राह्यली होती. मी गेलो आन म्हनलं,

"सखाराम, उद्या पाखऱ्या पाठव. डवरनी कराची हाय."

सखाराम तंबाखू थुकला. "उद्या पोया हाय, दाविद."

"तुहा हाय. माहा नाई."

"आन बैलाचा?"

"माहा बैल ख्रिस्ती हाय!"

"केनवडच्या बजारात मी तुह्यासंगं होतो," सखाराम म्हने. "तवा त नव्हता."

तिकडून काकीनं दोन्ही बैलायच्या कानाशी तोंड नेलं आन रीतीपरमानं म्हनलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"काकी, माह्या बैलाले आवतन नोको देऊ!"

"तुले कोन देते रे मेल्या? बैलाले देऊन राह्यली मी."

मी राजाचं, म्हंजे शमशोनचं, दावं सोडलं. सखाराम आडवा आला. "एक आयक. उद्या तुह्या हातानं जू बैलाच्या मानेवर पडलं, त आपली सावड मोडली. रब्बीले मंग दुसरी जोडी पाहाय."

एका बैलानं ना वखर चालते ना तिफन. सावड मोडली म्हंजे हरबरा नाई, गहू नाई, वर्सभर मारथाच्या तोंडाकडं पाहत बसा. पन गोठ्याच्या दारात चार जन उभे होते. चार जन उभे असले का माही अक्कल घरी जाते. मी म्हनलं, "मोड!"

घरी मारथा म्हने, "पूजा नोका करू, मी कुठं करा म्हनते? पन त्या मुक्या जनावराले एक दिवस बसू द्याले कोनतं पाप हाय?"

"तुले शास्तर समजत नाई."

"तुमाले वाचता येते का?"

मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी गावात बैल नाल्यावर धुवून राह्यले, शिंगायले बेगड लावून राह्यले, घरोघरी पुरनाचा वास. आन मी, शमशोन आन मारथा वावरात. डवऱ्याले जू लावलं. डाव्या अंगाले बैल. उजव्या अंगाले कोनीच नाई!

"आता?" मारथा म्हने.

मी उपरनं काढलं, खांद्यावर घडी करून ठेवलं, आन जुवाखाली घुसलो.

"अवो, लोक काय म्हनतीन?"

"लोक पोयात हायत! तू फकत डवरा धर."

जू खांद्यावरून घसरे, म्हनून जुवाचा पट्टा छातीवरून घेऊन काखेत कचकन बांधला. चाललो. पयल्या तासाले, म्हंजे पऱ्हाटीच्या पयल्या रांगेतच, माहे डोये बाहेर आले. दुसऱ्या तासाले जीभ. मांगून मारथा म्हने, "बैल बराबर चालून राह्यला, तुमीच आडवे जाऊन राह्यले! पऱ्हाटी उपटली ना दहा झाडं!" मी फिरून बोलाचं म्हनलं, त मान फिरेना. त्या दिवशी मले समजलं का बैल कायले उत्तर देत नाई.

तिसरं तास सुरू केलं आन गावातून डफडं वाजलं.

बैलानं कान उभे केले. नाक वर केलं. त्याले आवतन होतं ना! त्यानं एकडाव गावाकडं पायलं, एकडाव माह्याकडं पायलं, आन निंघाला.

"थांब! शमशोन! थांब रे!"

"राजा म्हना!" मारथा वरडली.

"राजा! थांब बाप्पा!"

राजा म्हनल्यावर त तो धावाले लागला. मारथाच्या हातून डवरा सुटला.

"पट्टा सोडा ना!"

"गाठ बसली व माय!"

धुरा ओलांडला, नाला ओलांडला (बैलानं ओलांडला, मी त्यातून गेलो), काट्याची वाट ओलांडली. मांगं डवरा उड्या मारत येऊन राह्यला, त्याच्या मांगं मारथा. वेशीत पोचलो तवा माह्या अंगावर चिखल नव्हता अशी जागा पायाले भिंग लागलं असतं.

आंब्याच्या पानायचं तोरन बांधेल, त्याच्या खाली गावचे सारे बैल रांगेत उभे. झुली, घुंगरं, गोंडे. राजा इकडंतिकडं न पाहता सीधा आपल्या जागेवर गेला, पाखऱ्याच्या बाजूले. पाखऱ्या, त्याच्या बाजूले राजा, त्याच्या बाजूले मी. डफडंवाल्याचा हात वरच्या वर राह्यला.

सखाराम पाखऱ्याचा कासरा धरून उभा. त्यानं माह्याकडं पायलंई नाई. मी म्हनलं, "सखाराम, गाठ सोड ना भाऊ." तो तोरनाकडंच पाहत राह्यला.

तेवढ्यात यसोदाकाकी ताट घेऊन आली. पाखऱ्याचे पाय धुतले, कुकू लावलं, पोई चारली. राजाले लावलं, चारली. मंग माह्यासमोर आली. पायावर पानी टाकलं!

"काकी, मी दाविद हाव!"

"मले दिसते ना. पन जुवाखाली आला तो बैल. माह्या दारचा बैल आजच्या दिवशी उपाशी राहत नाई." असं म्हनून कपायाले कुकू फासलं. मी नाई म्हनाले तोंड उघडलं, त अख्खी पुरनपोई आत! कित्येक वर्सांनंतर पुरनपोई. खोटं कायले बोलू, पयला घास मी थुकाचा इचार केला होता, पन येळ भेटला नाई.

आता आमच्या गावात तोरनाखालून पयला जाते तो पाटलाचा बैल. त्यायच्या आज्यापासूनचा मान. पाटील फेटा बांधून, मिशीले तूप लावून पुढं आले. झडत्या, म्हंजे पोयाची गानी, झाल्या, डफडं कडाडलं, आन पाटलाचा बैल पाऊल उचलते तेवढ्यात राजा सुटला! राजा सुटला म्हंजे मीई सुटलो. तोरनाची दोरी जुवात अटकली, तटकन तुटली, आन आंब्याची सारी पानं माह्या गयात.

घुंगरू वाजेना.

पाटील म्हनाले, "तोरन कोनी तोडलं?"

कोनी म्हने बैलानं, कोनी म्हने दाविदनं. पंचायत बसली जागच्या जागी. बैलानं तोडलं असन त बैल सखारामच्या रांगेतला, मंग दंड त्याले बसन, आन त्याचा त काही गुन्हा नाई. मानसानं तोडलं असन त मानसाले पोयात तोरन तोडाची रीतच नाई, मंग दंड कायचा? शेवटी पाटीलच हसाले लागले आन सुटलो. कोनीतरी इळ्यानं पट्टा कापला. पन सखाराम हसला नाई. पाखऱ्याले घेऊन घरी निंघून गेला.

चार दिवस त्यानं जोडी जुपली नाई. पऱ्हाटीत तन गुडघ्याएवढं झालं. मारथा भाकर वाढतानी थोडी आपटून वाढे.

आयतवारी पादरीसाहेब आले. मी सारं सांगून टाकलं.

साहेबानं डोक्याले हात लावला. "अरे दावीद, तू बैलाची पूजा केलीस?"

"नाई साहेब. माहीच पूजा झाली!"

साहेब बराच येळ भिंतीकडं तोंड करून खोकले. (हसत होते. मले खांदे दिसत होते.) मंग म्हनाले, "चल सखारामकडे. माफी माग."

सखाराम वसरीत दोर वयत बसला होता. साहेबाले पाट देला, मले देला नाई. साहेब म्हनाले, "सखारामभाऊ, चूक याची आहे. पण सावड मोडू नका. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

सखाराम दोर वयत वयतच बोलला. "तेच त म्हनतो साहेब. याच्या देवासाठी माहा पाखऱ्या तीन वर्सं दर आयतवारी बसून राह्यला. कपाशीत पानी चढो, तन चढो, मी कधी म्हनलो का जुप म्हनून? माह्या देवासाठी यानं आपल्या बैलाले वर्सातला एक दिवस बसू देलं नाई."

साहेबानं माह्याकडं पायलं. मी जमिनीकडं पायलं. तीन वर्सांत हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याले गावात मोठ्यानं बोलाचं काम असते त्याले आयकाचं काम नसते.

"चुकलो सखाराम," मी म्हनलं. "यापुढं पोयाले दोन्ही बैल बसतीन. आयतवारी तुले जुपाचं असन त मी एकडाव तुह्यासाठी जुवाखाली..."

"थांब!" सखारामनं दोर खाली ठेवला. "साहेब, सावड राहीन. पन बैलाची बैलासंग राहीन, याले जुवाजवय येऊ द्याचं नाई. मानूस म्हनून हा कामाचा नाई हे मले पयलेपासून मालूम होतं. पोयाच्या दिवशी जुवाखाली पायला, बैल म्हनूनई कामाचा नाई!"